दस्तयेवस्कीची स्टेनो

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीवर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या सायबेरियातल्या कैदेपासून सुरुवात करतात. नाशिकमध्ये सरकारी भरतीसाठी शॉर्टहँडच्या क्लासला जाणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. त्यांना 1866 चा ऑक्टोबर जास्त जवळचा वाटेल.

1864 मध्ये दस्तयेवस्कीचा भाऊ वारला, पाठोपाठ त्यांचं मासिकही बुडालं आणि कर्ज गळ्याशी आलं. 1865 च्या उन्हाळ्यात स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने 3000 रूबल देऊन करार केला. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी हातात हवी, नाहीतर पुढची नऊ वर्षं तो जे लिहील ते फुकटात छापण्याचा हक्क प्रकाशकाचा. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ तयार नव्हती, कारण त्याची 'गुन्हा आणि शिक्षा' ही कादंबरी दुसऱ्या एका मासिकात क्रमशः चालू होती.

4 ऑक्टोबरला वीस वर्षांची स्टेनो अ‍ॅना स्नित्किना आली. पूर्ण कामाचे 50 रूबल ठरले होते. चाचणी म्हणून त्याने मासिकातला उतारा धडाधड वाचला. तिने हळू सांगायला लावलं. उतारा उतरवून दिला, तर एक पूर्णविराम राहिला म्हणून तो करवादला!

मग क्रम बसला. तो रात्री टाचण काढायचा. दुपारी बारा ते चार डिक्टेशन, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठका, मध्ये चहा. ती घरी जाऊन साफ प्रत करायची आणि दुसऱ्या दिवशी तो ती तपासायचा. आपल्याकडचा मिनिटाला 80 शब्दांचा वेग धरला तर अर्ध्या तासाचे 2400 शब्द होतात. शॉर्टहँडवरून साध्या अक्षरात मिनिटाला 20 शब्द उतरवले तरी त्याला दोन तास हवेत, म्हणजे तीन बैठकांना सहा. प्रत्यक्षात वेग बराच कमी असणार, तरीही रोजचं रोज उतरवणं भागच होतं. दोन दिवस साचलं की आपल्याच रेघा आपल्याला लागत नाहीत, हे क्लासमध्ये कुणालाही विचारा.

29 तारखेला 'जुगारी' ही नवी कादंबरी संपली. 26 दिवस. (या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, आपल्या तारखेसाठी 12 मिळवा.) शेवटच्या दिवशी स्तेलोव्स्की गावातच नाही आणि त्याचा माणूस हस्तलिखित घेईना. शेवटी ते रात्री पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. करार वाचवला तो त्या पावतीने.

1867 च्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. माझ्या मते अ‍ॅनाचं खरं मोठं काम त्यानंतरचं. 1873 मध्ये तिने त्याची 'भुतं' ही कादंबरी स्वतः छापली: 3500 प्रती, किंमत साडेतीन रूबल, विक्री घरातूनच. विक्रेते जास्त सूट मागत. ती दहा प्रतींवर 20 टक्के सूट देई आणि 28 रूबल रोख मोजून घेई.