गोष्ट कोणाच्या आवाजात ऐकवावी?

मुलांसाठी ऑडिओबुकची वर्गणी भरावी, की घरातल्या कुणीतरी पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचून दाखवावे, हा प्रश्न आमच्या जळगावच्या पालकमंडळींत अलीकडे वारंवार निघतो. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचे अ‍ॅप भारतात आले, मराठी पुस्तके मोबाइलवर ऐकण्याची चांगली सोय झाली आणि दिवसभर नोकरी करून थकलेल्या आईवडिलांना रात्रीच्या गोष्टीसाठी एक तयार आवाज मिळाला. या सोयीबद्दल माझ्या मनात आकस नाही. तरीही मूल स्वतः सहजपणे वाचू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तिसरी-चौथीपर्यंत, घरातल्या माणसाचे वाचन आधी आणि ऑडिओबुक त्यानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. खानदेशातल्या घरांच्या बाबतीत तर ते मला अधिकच आग्रहाने मांडावेसे वाटते.

याचे कारण आमच्या भाषेत आहे. आमच्याकडे अनेक घरांत बोलणे अहिराणीत चालते, जळगाव-भुसावळ-यावलकडच्या पुष्कळ घरांत लेवा गणबोली असते, आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला हे अंतर रोज ओलांडावे लागते. आमच्या घरी उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरुणे पडली की पाच वर्षांच्या मुलाला मी वाचून दाखवते. परवा रानात चुकलेल्या करडाची गोष्ट चालली होती. ‘अंधार पडू लागला तरी करडू परतले नाही,’ हे वाक्य मी वाचले आणि त्याने लगेच पानावर हात ठेवला. ‘मंग ते घर कसाले नही गयं वं?’ मी थांबले, त्याला घरच्या बोलीत कारण सांगितले, शेजारी बसलेल्या त्याच्या मोठ्या मायने, म्हणजे आजीने, आपल्या लहानपणी हरवलेल्या शेळीची हकिगत त्यात घातली, आणि मग मी तेच वाक्य पुन्हा पुस्तकातल्या भाषेत वाचले. या वेळी ते त्याला पूर्ण कळले होते. पुढचे पान उलटायला बराच वेळ गेला, पण तो वेळ मला गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो. ध्वनिमुद्रित निवेदक कितीही कसलेला असला तरी तो या प्रश्नासाठी थांबू शकत नाही. मुलाच्या मनात पहिली शंका घोळत असतानाच तो पुढच्या प्रसंगात पोहोचलेला असतो, आणि मूल काही वेळाने विचारणेच सोडून देते.

समोर माणूस असण्याचा परिणाम किती खोल असतो, हे दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो प्रकाशित केला. इंग्रजी घरांतल्या सुमारे नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत चिनी मँडरिन भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणसे बसून पुस्तके वाचत होती आणि खेळण्यांशी खेळत होती, तर इतरांना तेच साहित्य पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले गेले. प्रत्यक्ष सहवास लाभलेली बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली, बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही. हे निष्कर्ष तान्ह्या बाळांचे आहेत. पाच-सहा वर्षांचे मूल ध्वनिमुद्रणातूनही पुष्कळ शिकते, म्हणून या प्रयोगाच्या आधारे ऑडिओबुकला निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल.

‘ऐकणे म्हणजे काही वाचन नव्हे,’ असे म्हणून ऑडिओबुकला नाक मुरडणाऱ्यांशीही माझे जमत नाही. आमच्याच मातीतल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी जवळच्या माणसांनी ऐकून टिपून ठेवली, १९५१ मध्ये त्या गेल्यावर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ज्या मुलखात कानबाईच्या उत्सवात रात्र रात्र गाणी चालतात, तेथे कानांनी मिळवलेल्या विद्येला दुय्यम कसे म्हणावे? वाचनशास्त्रही हेच सांगते. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याच्या कौशल्याचा आणि ऐकून भाषा समजण्याच्या क्षमतेचा गुणाकार असतो. यातली एक बाजू शून्य असली तर उत्तरही शून्यच येते. ऐकण्याने दुसरी बाजू भक्कम होते, मग आवाज आईचा असो की ध्वनिमुद्रणातला. अक्षरांची बाजू मात्र मूल मांडीवर बसून पानाकडे पाहत असेल आणि वाचणाऱ्याचे बोट ओळीखालून सरकत असेल, तर त्याच बैठकीत हळूहळू तयार होऊ लागते.

ऑडिओबुकचे खरे स्थान मला प्रवासात आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत दिसते. एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाताना माझी चौथीतली मुलगी कानाला हेडफोन लावून एखादी लांबलचक कथा मन लावून ऐकते, कारण चालत्या गाडीत पुस्तक धरले की तिला मळमळते. ज्या मुलांना अक्षरे उलगडताना विशेष अडचण येते, त्यांची समज वयाप्रमाणे वाढलेली असते, पण हातात येणारी पुस्तके मात्र पहिलीच्या पातळीची राहतात. अशा मुलांसाठी ऑडिओबुक हा मोठाच आधार आहे. दृष्टिहीन मुलांबद्दल तर वेगळे सांगायला नको. आईवडिलांना वाचता येत नसेल, तेथेही वर्गणीचे पैसे सत्कारणी लागतात, फक्त मुलाबरोबर कुणीतरी बसून ऐकावे आणि मध्ये थांबवून बोलावे, एवढीच माझी विनंती आहे.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आमच्या शेजारच्या घरात सापडला. खानदेशातली कितीतरी कुटुंबे सुरतच्या कामावर जगतात. या घरातला बापही तिकडेच असतो आणि दिवाळीला, लग्नसराईला येतो. त्याने मुलीच्या पुस्तकासारखेच एक पुस्तक स्वतःसाठी घेतले आहे. कामाची पाळी संपली की तो दोन-तीन पाने वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आणि मुलगी आपले पुस्तक उघडून त्या आवाजाबरोबर पाहत जाते. त्याचे वाचन अडखळते, मागे यंत्रांचा आणि कधी रस्त्याचा आवाज असतो, पण पान संपले की तो तिचे नाव घेऊन ‘आता उलट’ असे सांगतो. तिच्या शंका ती बोलून परत पाठवते आणि उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या ध्वनिफितीच्या सुरुवातीला येतात. व्यावसायिक ऑडिओबुकच्या सफाईशी याची तुलना होणार नाही, परंतु निवड करायची झाली तर मी या मुलीसाठी डोळे मिटून बापाची ध्वनिफीत निवडेन.

मूल दुसरीत जाऊन जोडाक्षरे वाचू लागले की बहुतेक घरांत वाचून दाखवणे बंद पडते, ही गोष्ट मला फार खटकते. त्या वयात मुलाला स्वतः वाचता येते त्यापेक्षा बरीच अवघड भाषा ऐकून समजत असते, आणि नेमकी तीच भाषा वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत पुढे त्याच्यासमोर येणार असते. म्हणून चौथीतल्या मुलीलाही मी अजून वाचून दाखवते, फक्त तिच्यासाठी वाचनालयातून आणलेले पुस्तक तिच्या वाचनक्षमतेपेक्षा थोडे वरचे असते. एक प्रकरण मी वाचते, पुढचे तिला उत्सुकता वाटली तर ती स्वतः वाचते, आणि अडले तर पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात येते.