पिण्याचं पाणी

रविवारी सकाळी सव्वाआठला ठाण्याहून काकूंचा फोन, मी त्यांच्याकडे बसवून दिलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीबद्दल. "अरे, गोगलगाई पालथ्या पडल्यात. चार तर उचलल्या तरी हलत नाहीयेत. आणि ती पाठीवर पांढरी रेघ असलेली कोळंबी कालपासून दिसलीच नाही."

"मासे कसे आहेत?"

"मासे? छान खातायत की."

ते ऐकून जास्तच धसका बसला. अमोनिया वाढला असता तर मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत राहिले असते. मासे मजेत आणि कणा नसलेले जीव गेलेले, म्हणजे संशयित तीनच उरतात: खारटपणाचा झटका, कीटकनाशक किंवा तांबं.

टाकी ६० × ४० × ४० सेंटिमीटरची, ८ मिलिमीटर काचेची. खडक आणि वाळूची जागा वजा करता निव्वळ पाणी साधारण ८० लिटर. इमारत चौदा मजली, फ्लॅट बाराव्यावर. स्टँड धरून दीडशे किलोच्या आसपास भार होता, म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध न ठेवता बीमला लागून असलेल्या भिंतीशी बसवली. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, कारण दुपारचं ऊन थेट पडलं की शेवाळ आवरत नाही. वाळू बारीक अ‍ॅरागोनाइटची, खडक सिरॅमिकचा. समुद्रातून काढलेले मेलेल्या प्रवाळाचे दगड आम्ही घेत नाही. काकूंच्या नातवाला मालवणला स्नॉर्कलिंग करताना पाहिलेलं टणक प्रवाळच घरात हवं होतं. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत, हे त्याला समजावून सांगितलं. पोरगं शहाणं, झोअँथिड आणि मशरूम या दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रकारांवर खूश झालं. बाजारात मात्र 'मिळेल हो, मागच्या खोलीत आहे' म्हणणारे दुकानदार आजही आहेत, आणि पहिल्यांदाच रीफ, म्हणजे प्रवाळांची टाकी, करणारा माणूस त्यांना हमखास सापडतो.

पहिलं ८० लिटर पाणी मी स्वतःच्या युनिटवरून वीस-वीस लिटरच्या चार कॅनमध्ये नेलं होतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ०००. त्यात साधारण तीन किलो मीठ, पंप लावून रात्रभर ढवळलं, सकाळी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. मग पाच आठवडे अमोनिया पचवणारे जिवाणू बसवण्यात गेले. सहाव्यात समुद्रातून न पकडलेल्या, पाळीव पैदाशीच्या क्लाउनमाशांची जोडी, सातवा संपताना दोन झोअँथिड, एक मशरूम, सात टर्बो गोगलगाई आणि ती कोळंबी. फोन आला त्याच्या पाच दिवस आधीची ही गोष्ट.

पोचल्यावर आधी मोजणी. सातपैकी सहा गोगलगाई गेलेल्या, पायाची चकती सैल पडून बाहेर लोंबत होती. सातवी काचेवरून सुटून वाळूत पडली होती, पण चिमट्यानं टोचलं तर झाकण किंचित ओढून घेत होती. कोळंबी खडकामागे सापडली, कात अर्धी निघालेली. झोअँथिड मुठी वळल्यासारखे बंद. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, क्षारता ८.२ डीकेएच, खारटपणा १.०२५. कागदावर टाकी उत्तम.

जीव सोडताना नळीनं थेंबथेंब पाणी देत दीड तास घालवला होता, त्यामुळे खारटपणाचा झटका बाद. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल? महिन्यापूर्वी झालेलं, आणि झुरळांवरच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइडं माशांनाही सोडत नाहीत. पंप उपसून चुंबक पाहिला, कुठे गंज नाही. चिमटे प्लॅस्टिकचे. हिटर काढून पाहिला, शाबूत.

मग विचारलं, "काकू, रोजचं पाणी कुठलं घालता?"

"तू लिहून दिलंयस तेच. आरओचं. आम्ही पितो तेच घालते रे, नळाचं नाही घालत." आणि ओट्याखालून स्टीलची कासंडी काढून दाखवली. आत दोरीनं बांधलेलं मापाचं भांडं. रोज सकाळी दीड लिटर, एक दिवस चुकलेला नाही.

ओट्यावर भिंतीला प्युरिफायर. मशीनवर तांब्याच्या रंगाचा पट्टा आणि चालू केलं की पेटणारा तांबडा दिवा. पाण्यात तांबं सोडणारं काडतूस. हल्ली घरोघरी हेच असतं, कारण तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं हा समज जाहिरातीनं मशीनमध्ये घातलाय. वर टीडीएस जुळवणारा व्हॉल्व्ह, जो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं मिसळतो, चवीसाठी. मीटरनं ६२ दाखवले. पण मीटरला तांबं वेगळं कळत नाही, लिटरला ०.३ मिलिग्रॅम असलं तरी तो आकडा त्या ६२ मध्ये बुडून जातो.

तांब्याचं किट काढलं. माझ्या किटवर शून्यानंतरची पहिली खूण ०.२५. प्युरिफायरचं पाणी ०.२५ आणि ०.५ च्या मधे. टाकीचं पाणी ०.२५ च्या खाली, पण शून्य नक्की नाही. नळ्या पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी तीन वेळा पाहिल्या.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. माणसाला काही होत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर समुद्री टाकीत तांब्याचं औषध देतात ते ०.१५ ते ०.२० वर, आणि ते द्यायच्या आधी कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ सगळं बाहेर काढावं लागतं. खुल्या समुद्रात हेच प्रमाण लिटरला एका मायक्रोग्रॅमहून कमी असतं. विशेष म्हणजे गोगलगाय आणि कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारा रेणू तांब्यावरच चालतो. त्यांना तांबं लागतं. पाण्यात मोकळं फिरणारं तांबं मात्र कल्ल्यांतून शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं.

आता हिशेब. एप्रिलमध्ये ठाण्यात खोली ३२ अंशांवर, म्हणून टाकीवर पंखा लावलेला. पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पाणी उडवूनच. पाऊस सुरू झाला की हवा ओली होते, उडणं मंदावतं आणि पंखा निकामी होतो, तेव्हा चिलर लागतो; ते मी आधीच सांगितलं होतं. रोज दीड लिटर उडालं, ५४ दिवसांत ८१ लिटर. उडतं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं मागे राहतं. म्हणजे अख्खी टाकी जणू एकदा प्युरिफायरच्या पाण्यानं भरली आणि त्यातलं तांबं आत साचलं. मग टाकीत आकडा कमी का? उरलेलं बहुधा खडकात आणि वाळूत जाऊन बसलंय.

यादीत मीच 'आरओचं पाणी' लिहिलं होतं. आमच्या धंद्यात आरओ म्हणजे पाच मायक्रॉनचा गाळ-फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषून टीडीएस शून्यावर आणणारे मणी. घरात आरओ म्हणजे ओट्यावरचं मशीन. मी दिव्याची 'पार', म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेची, मोजमापं लिहिली, पंपाचा ताशी प्रवाह लिहिला, आणि पाण्यासाठी एक शब्द. या व्यवसायात सगळ्यांच्याच याद्या अशा असतात, कारण दिवा विकता येतो.

त्याच दिवशी मासे नव्या खाऱ्या पाण्याच्या तीस लिटरच्या टबात. झोअँथिड आणि मशरूम त्यांच्या चकत्यांवरून सोडवून वेगळ्या डब्यात. वाळू फेकली. दुसऱ्या आठवड्यात ओट्याखाली चार टप्प्यांचं आरओ-डीआय बसवलं. इथे एक गोष्ट लोक विसरतात: गच्चीतली टाकी फ्लॅटपासून जेमतेम नऊ मीटर वर, म्हणजे नळाला १३ पीएसआय दाब. मेम्ब्रेनला ५० तरी हवा. बूस्टर पंप न लावता बसवलेली युनिटं दिवसभर ठिबकतात, टीडीएस चढलेला राहतो आणि डीआय रेझिन महिन्याभरात संपतं. पंप लावून ६० वर आणलं. मेम्ब्रेननंतर सगळं जोडकाम प्लॅस्टिकचं, पितळी जोड एकही नाही, कारण शून्य टीडीएसचं पाणी धातू खातं आणि पितळेत तांबंच असतं. वाया जाणारं पाणी लादी पुसायला.

काकू त्या दिवशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलंच पाणी घालत होते रे मी." मला उत्तर सुचलं नाही. मेम्ब्रेन, रेझिन सगळं नीट समजावलं, पण त्या वाक्यावर काही बोललो नाही.

मशरूम जगलं. झोअँथिडमधला एक बारा दिवसांनी उघडला, दुसरा विरघळला. सातवी गोगलगाय रात्रीतून गेली.

नवा खडक घातला. जुना मी गोदामात घेऊन आलो, वीस लिटर ताज्या खाऱ्या पाण्यात, तांबं शोषणाऱ्या रेझिनची पिशवी आणि छोटा पंप लावून. दर शुक्रवारी किट लावतो. गेले तीन शुक्रवार शून्य. पण या किटचं शून्य म्हणजे ०.२५ च्या खाली काहीतरी, आणि गोगलगाईला त्याहून कमीही पुरतं. खडक आता स्वच्छ आहे का, हे सांगणारं एकच साधन माझ्याकडे आहे, जिवंत गोगलगाय, आणि ती बादलीत सोडायला हात धजत नाही.