म्हापसा ते विठ्ठलापूर, पायी

आषाढी एकादशीला गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापूरला चालत जाते म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "मग पंढरपूरला का नाही जात? खरी वारी ती." आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, माऊलींची पालखी ते अंतर अठरा-वीस दिवसांत चालते, गोव्यातूनही कितीतरी दिंड्या थेट पंढरीला चालत जातात, आणि त्या सगळ्यांना माझा दंडवत. पण माझी वारी माझ्या दारातून निघते, म्हापशातून, थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली, कारापूर आणि मग वाळवंटी नदीकाठचं विठ्ठलापूर, साधारण २५ किलोमीटर. ती मला छोटी वाटत नाही. ज्या रस्त्याने मी बाजाराला, बँकेत, लग्नाला जाते त्याच रस्त्याने देवाकडे जायचं, यात मला जास्त खरेपणा वाटतो.

आम्ही पहाटे काळोखातच निघालो, बोडगेश्वराला हात जोडून, कारण म्हापशातून बाहेर पडताना राखणदाराला सांगितल्याशिवाय कोण जातं! पाऊस होताच. आषाढ आहे, तो असणारच. पुढे पताका, मग टाळकरी, मधे पखवाज, त्याच्यामागे वीणेकरी आणि मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि सगळ्यात मागे आम्ही, म्हणजे ज्यांना धड गाता येत नाही ते. पखवाजवाल्या दादांनी पखवाजाला जाड प्लास्टिक गुंडाळलेलं, कारण ओल लागली की चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो, डाव्या तोंडाला लावलेली कणीकही सुटायला लागते. तरी मधे मधे ते एखाद्या बसस्टॉपच्या आडोशाला थांबायचे, प्लास्टिक काढून थाप मारून बघायचे, आणि ते थांबले की सगळी दिंडी थांबायची. कुणी "चला चला, उशीर होतोय" म्हणालं नाही. मला हे फार आवडतं. ऑफिसात कुणी दोन मिनिटं थांबलं की मागच्यांच्या कपाळावर आठ्या येतात.

थिवीच्या पुढे मी टाळ वाजवत नुसते ओठ हलवत होते, अभंग अर्धाच पाठ, बाकीचा अंदाजे. बाजूला डिचोलीकडच्या एक मावशी चालत होत्या, वय सत्तरीच्या पुढचं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्या हळूच म्हणाल्या, "बाय, येत नाही तर गप्प चाल. टाळ वाजव, पुरे. विठ्ठलापुढे खोटं तोंड कशाला हलवायचं?" रागाने नाही हां, अगदी प्रेमाने. मी ओठ मिटले आणि खरं सांगते, तिथून पुढचा रस्ता एकदम हलका झाला. जे येत होतं ते मोठ्याने म्हटलं, जे येत नव्हतं ते ऐकलं, आणि ऐकल्यावरच तर शब्द कळतात. माझी श्रद्धा मावशींएवढी घट्ट आहे असं मी म्हणणार नाही, काही गोष्टींवर आहे, काहींवर नाही, पण जेवढी आहे तेवढीच घेऊन चालायला तिथे कुणाची हरकत नव्हती. घरीदारी आपण किती वेळ असे ओठ हलवत असतो, आवडलं नाही तरी "छान छान", पटलं नाही तरी मान डोलवायची, दुसऱ्याचा फ्लॅट बघून आपल्यालाही तसाच हवा म्हणायचं.

अस्नोड्याचा पूल ओलांडला की डिचोली तालुका. दोन्ही बाजूला शेतात लावणी चाललेली, चिखलात वाकलेल्या बायका, तरव्याच्या जुड्या बांधावर ठेवलेल्या. आमच्या दिंडीतले एक काका थेट शेताच्या कडेला जाऊन विचारून आले कुठलं भात लावलंय, ज्योती का जया, आणि येऊन सगळ्यांना सांगितलं, जणू दिंडीला हे माहीत असायलाच हवं. मलाही तसंच वाटलं.

या काकांबद्दल सांगायलाच हवं. त्यांनी उमेदीची वर्षं खाणीच्या टिपरवर काढली. डिचोली-साखळीचा सगळा पट्टा खाणींचा, खेपेवर पैसे, जितक्या खेपा तितकी कमाई, म्हणून सगळे टिपर सुसाट. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आणि काकांचा टिपर विकला गेला. तेव्हापासून ते चालतात. त्यांना हा रस्ता गिअरने पाठ आहे, "इथं सेकंड टाकायचा, इथं लोडेड असला की इंजिन रडायचं," असं सांगत होते, आणि मग एका वळणावर थांबून खाली बोट दाखवलं, झाडीत एक झर वाहत होती, पावसात फुगलेली. "एवढ्या वर्षांत हिचा आवाज कधी ऐकला नाही गो. इंजिन बंद झालं तेव्हा ऐकला." पैसे गेल्याचं दुःख त्यांना आहेच, ते लपवतही नाहीत, मुलांच्या शिक्षणाच्या वेळी काय ओढाताण झाली तेही सांगितलं. पण परत त्या वेगात जाशील का विचारलं तर मान हलवली, नाही.

डिचोलीत एका घराच्या ओसरीवर साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, केळी आणि गरम चहा. पायांची बोटं पाण्याने पांढरी पडलेली, मावशींनी खोबरेल तेल दिलं. वीणा तेवढी कुणी खाली ठेवली नाही, एकाने खाल्लं की दुसऱ्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घ्यायची, असं फिरत फिरत सगळ्यांचं खाणं झालं. वीणा जमिनीला टेकवायची नाही हा दिंडीचा नियम, आणि तो पाळायचा म्हणजे कुणीतरी भुकेलं राहून थोडं थांबायचंच. ते थांबणं मी बघत बसले, त्या माणसाच्या चेहऱ्यावर जरा म्हणून घाई नव्हती.

कारापूरपासून गर्दी वाढत गेली, आजूबाजूच्या गावांतल्या दिंड्या मिळत गेल्या, आणि विठ्ठलापूरला पोचलो तेव्हा वाळवंटी लालभडक, काठोकाठ. हे देऊळ सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचं, लोक याला गोव्याचं पंढरपूर म्हणतात, चैत्रातला उत्सवही मोठा, पण आषाढीची रांग ती आषाढीची. आम्ही भिजलेल्या कपड्यांनी उभे, रांग मुंगीच्या पावलाने, कुणी फुगडी घालतंय, कुणाचं पोर खांद्यावर झोपलंय. समोर पोचल्यावर डोळे भरून बघायला मिळाले ते दोन-चार क्षण, मागून लोक होतेच. मला कमी वाटलं नाही. पहाटेपासून बघतच तर आले होते.

काकांचा मुलगा बाईक घेऊन बाहेर थांबलेला. काका त्याला म्हणाले, "तू जा पुढे, वीणेकरी यायचेत अजून, मी त्यांच्याबरोबर येतो." मुलगा वैतागला नाही, बाईक स्टँडवर लावून तोही थांबला.

बार्देश-डिचोलीतल्या कुणाला यायचं असेल तर पुढच्या आषाढीला जरूर या. नवे बूट घालू नका, जुन्या सवयीच्या चपला बऱ्या. गाता येत नसेल तर मागच्या ओळीत या, टाळ मिळेल. आणि पखवाज झाकायला जाड प्लास्टिक कुणाकडे असेल तर तेवढं घेऊन या, दादांचं आता फाटलंय.