सॅम्युअल स्ट्रीटवर ऐकलेलं योसेफाचं आख्यान

१८८० साली मुंबईतल्या बेने इस्राएल ज्यूंनी मराठीत कीर्तनं सुरू केली. अभंग, ओवी, साकी, दिंडी, मधे गद्य निरूपण, सगळं आपल्यासारखंच. आख्यान मात्र अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं. त्यासाठी त्यांनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ काढलं होतं, आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांचे सुरुवातीचे कीर्तनकार.

मी अंबाजोगाईची. वडील पेटीवर साथ करायचे, त्यामुळे मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवातली कीर्तनं पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत वाढले. नोकरीभर शाळेत मराठी शिकवलं. मुकुंदराज, दासोपंत ही आमच्या गावची नावं, पलीकडे गंगाखेडची जनाबाई, नरसीचे नामदेव, पैठणचे नाथ. कीर्तन म्हटलं की ते आमच्याच मातीतून निघालं, अशीच आमच्या घरातली भाषा होती. पण बेने इस्राएलांच्या कीर्तनाबद्दल ना घरात कधी कुणी बोललं, ना ते कुठल्या पाठ्यपुस्तकात आलं. ते कळलं मुंबईत, मांडवीच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

भाची मुंबईत असते. मुंबईतल्या ज्यू वास्तू पायी फिरून दाखवतात, असं तिला कळलं आणि तिनं आम्हा दोघींची नावं नोंदवली. मी लातूर एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरले, तिच्याकडे आवरून थेट काळा घोड्याला. गाईड बाई स्वतः बेने इस्राएल, चाळिशीच्या आसपासच्या, गाव अलिबाग तालुक्यात. बरोबरची मंडळी बहुतेक कॉलेजची मुलं. बाई त्यांच्याशी इंग्रजीत सुरू झाल्या, माझ्याकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तुमच्यासाठी मराठीतही सांगते. माझं घरचं बोलणं तेच आहे.” त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

काळा घोड्याचा भाग देखणा आहे, आणि तो ससूनांचा आहे. डेव्हिड ससून हे ज्यू व्यापारी बगदादहून निघून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात घराण्यानं अफाट पैसा मिळवला. बाईंनी अफूचा उल्लेख लपवला नाही, हे मला फार आवडलं. ती अफू चीनला जायची आणि त्याच पैशातून ग्रंथालय, शाळा, दवाखाने, गोदी उभी राहिली. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची, ती त्यांचे चिरंजीव आल्बर्ट यांनी बांधली. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडलं, तो पुतळाही आल्बर्टनीच शहराला दिला होता; १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला, आणि आता चौकात २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला घोडा आहे.

केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. जेकब ससून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधलेलं. कित्येक वर्षं ते निळ्या रंगामुळे ओळखलं जाई. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली, २०१९ मध्ये ते पुन्हा उघडलं. रंगीत काचांतून आत येणारा उजेड, कोरीव खांब, फरशा, सगळं बघत राहावं असं. बाहेर पोलीस, दारात ओळखपत्राची तपासणी. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर, ज्यूंच्या केंद्रावर, हल्ला झाला, त्याची आठवण त्या तपासणीत रोज ताजी होते. भाची छतापासून जमिनीपर्यंत सगळं न्याहाळत होती, तिचं शिक्षणच बांधकामाचं. तरी मला वाटतं, अशा फेऱ्यांत इथं जरा जास्तच वेळ जातो. हे मोठ्या माणसांचं मोठं घर आहे. मला जे हवं होतं ते पुढे होतं.

तिथून सीएसएमटी ओलांडून आम्ही मांडवीकडे चालत गेलो. घाऊक बाजार, मसाल्याचा वास नाकात, हातगाड्या अंगावर येणाऱ्या, डोक्यावर पोती घेतलेले हमाल ‘बाजू, बाजू’ करत निघालेले. या गर्दीत सॅम्युअल स्ट्रीट, आणि तिच्यावर शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, १७९६ सालचं. आताच्या जागी ते १८६० मध्ये आलं. शेजारच्या मशीद स्टेशनचं नाव या सिनेगॉगवरूनच पडलं, असं बेने इस्राएल मंडळी सांगतात.

बांधलं ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. लोक त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला माणूस. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. बेने इस्राएलांत अशी कथा सांगतात की, कैद्यांना धर्म विचारला तेव्हा हे म्हणाले, आम्ही बनी इस्राएल. टिपूच्या आईनं ते ऐकलं. कुराणात ज्यांचं नाव येतं ते लोक हेच, असं म्हणून तिनं त्यांचा जीव वाचवला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा सामाजींनी नवस केला होता, तो फेडला हा असा. बाईंनी ही कथा रस्त्यावरच उभं राहून सांगितली, मागून टेम्पो हॉर्न देतोय आणि त्या आवाज चढवून सांगताहेत. एखादा बुवा उत्तररंगात, म्हणजे आख्यानात शिरतो तेव्हा श्रोत्यांची चुळबुळ थांबते, तशी ती कॉलेजची पोरं एकदम गप्प झाली.

आत गेल्यावर डोकं झाकायचं. मधोमध लाकडी कठडा असलेला चौथरा, त्याला तेबा म्हणतात. तिथं उभं राहून वाचन चालतं. वर बायकांसाठी सज्जा. छतापासून लोंबणारे काचेचे दिवे. एक खुर्ची कायम रिकामी. ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, मुलाच्या सुंतेच्या वेळी तिचं काम. समोरच्या भिंतीत पडद्याआड हेखाल, म्हणजे कपाट, त्यात तोराच्या, त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. चर्मपत्रावर हातानं लिहिलेल्या, ३,०४,८०५ अक्षरं. एक अक्षर जरी चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. वाचताना बोट लावायचं नाही, चांदीच्या दर्शकानं ओळ दाखवायची. मला दासोपंतांची पासोडी आठवली. चाळीसेक फूट लांब कापडावर पंचीकरण लिहून काढणारा माणूस आमच्या गावात होऊन गेला, आणि वंशजांनी ते कापड सांभाळलं. लिहिलेल्या अक्षराला इतकं जपणारी माणसं मला परकी वाटूच शकत नाहीत.

मग बाईंनी बेने इस्राएलांची मूळ गोष्ट सांगितली. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, तिथंच राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा त्यांचा धर्माप्रमाणे विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. (आमच्याकडे करडीचा घाणा असे. आठवड्यातला एक दिवस बैल मोकळा सोडायचा हे त्या काळी किती मोठं धाडस असेल, हे घाणा चालवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाच कळेल. माझं आजोळ तसं होतं.) गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकरच. रिबेका रूबेनही त्यांच्यातल्याच. त्या हुजूरपागेत शिकल्या, १९०५ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिली आलेली पहिली मुलगी त्याच. पुढे कितीतरी वर्षं माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका. शिक्षिका म्हणून मी हे नाव वहीत दोनदा अधोरेखित केलं.

बाईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. १८७४ साली पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेली हग्गादा. पेसाह या सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. मिसरातून सुटका झाली ती कथा. आणि चित्रांतल्या बायका साडी नेसलेल्या, पेसाहची भाकरी करताहेत. मी चित्र मोठं करून करून बघितलं. गुलामगिरीतून सुटकेची ही जगातली केवढी जुनी कथा, आणि ती मराठी घरात, मराठी बायका सांगताहेत.

“कीर्तनंही होती की आमच्यात,” बाई सहज म्हणाल्या.

मला आधी नीट ऐकू आलंय असं वाटेना. मी विचारलं, कीर्तन म्हणजे? उभं राहून? आख्यान लावून? “हो मावशी, सगळं. बायकांनीही केली. प्रार्थनेच्या वेळी नाही, वेगळी बैठक असायची. माझ्या आजीला योसेफाचं आख्यान पाठ होतं.” आणि बाहेर आल्यावर, पायरीवर, हमालांच्या येण्याजाण्यात, त्यांनी आजीकडून आलेली एक साकी म्हणून दाखवली. भावांनी योसेफाला विहिरीत ढकललं आणि वर बसून जेवायला लागले, तो प्रसंग. तीच सोळा-बारा मात्रांची चाल. शेवटचा शब्द जरा ओढून घेण्याची तीच पद्धत. वडिलांची पेटी तिच्यामागे मला स्पष्ट ऐकू येत होती. मी डोळे पुसले, आणि त्यांना म्हटलं पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटली.

कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि मराठी बायबलातून कथा तपशिलानं त्यांच्या हाती आल्या. पण त्या कथा सर्वांच्या गळी उतरवायला त्यांनी निवडलं ते कीर्तन, कारण शेजारच्या देवळात ते रोज ऐकू येत होतं. मी इतकी वर्षं मुलांना ‘कीर्तनपरंपरा’ हा धडा शिकवला. त्या धड्यात अष्टमकरांचं नाव असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तळटीप म्हणून नव्हे, धड्याच्या अंगात.

पुढचं थोडक्यात. मशीद स्टेशनवरून लोकलनं भायखळा. मागेन डेव्हिड, १८६४ चं, घड्याळाच्या मनोऱ्याचं, पुन्हा ससूनच. आवारातल्या ससून शाळेत आता बहुतेक मुलं आसपासच्या मुस्लिम मोहल्ल्यांतली. ती सिनेगॉगच्या सावलीत डबे खात होती. तिथून आग्रीपाड्याचं मागेन हसिदिम, बेने इस्राएलांचं. सात रस्त्याचं तिफेरेथ इस्राएल वेळेअभावी राहिलं. आग्रीपाड्यात बाईंनी डब्यातून आणलेला मलिदा दिला: भिजवलेले पोहे, ओला नारळ, गोडवा, वेलदोडा, वर फळांच्या फोडी. नवस फेडताना, शुभकार्याला एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन तो करतात. आमच्याकडे दर्ग्यात चढतो तो मलिदा पोळी कुस्करून, गूळ-तूप घालून. दोन्ही मला माहीत झाले याचा आनंद आहे.

१९४८ नंतर ही मंडळी मोठ्या संख्येनं इस्राएलला गेली. तिथंही सुरुवातीला त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली. लढावं लागलं, १९६४ मध्ये संसदेनं मान्यता दिली तेव्हा तो प्रश्न मिटला. भारतात आता सगळे ज्यू मिळून पाचेक हजार. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं, हे ऐकून बरं वाटलं. पण कीर्तन करणारे किती उरले, हे विचारल्यावर बाईंनी बोटं मोजायला हात वर केला आणि एका हातावर भागलं.

घरी आल्यावर आमच्या उत्सवात येणाऱ्या बुवांना फोनवर ती साकी म्हणून दाखवली. ते म्हणाले, “चाल आपलीच हाय की ताई. पण पुढचं आख्यान कुठाय? मला पूर्ण लागंल.” बुवांनी योसेफाची कथा माझ्याकडून दोनदा ऐकून घेतली. पुढे मिसरात मोठ्या पदाला पोचलेल्या योसेफाकडे तेच भाऊ धान्य मागायला येतात, त्यांना धान्य देताना तो ओळख लपवतो आणि आत जाऊन रडतो, तिथं तर ते म्हणाले की हे करुणरसाला इतकं जुळतं, की इथं आर्या घालायला पाहिजे. गाईड बाई आजीच्या वहीची झेरॉक्स पाठवणार आहेत. वही अर्धी आहे, मधली पानं गेलेली.

म्हणून एक विनंती. बेने इस्राएलांनी त्या काळी कीर्तनाच्या पुस्तिका छापल्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत, कीर्तनकारांच्या घरच्या बाडांत, पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेल्या पुस्तकांत कुठं योसेफ, अब्राहाम, मोशे अशा नावाचं मराठी आख्यान दिसलं, तर ते रद्दीत घालू नका. मला कळवा, मी स्वतः येऊन उतरवून घेईन. आणि मुंबईला गेलात तर ही फेरी जरूर करा. शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ. ओळखपत्र जवळ ठेवा, डोक्याला रुमाल किंवा पदर असू द्या, आणि मांडवीला पोचल्यावर घाई करू नका.