डीपीएफचा दिवा आणि एक लाख चाळीस हजाराचं कोटेशन

माझी गाडी डिझेल, २०२० ची, म्हणजे बीएस सिक्स हा धुराचा नियम लागू झाला त्याच वर्षातली, सेकंडहँड घेतलेली. वॉरंटी-बिरंटी सगळं संपलं आणि नेमका मग डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (नाव घेत नाही) स्कॅनर लावला न लावला तोवर सांगून टाकलं, फिल्टर चोक झालाय, पूर्ण असेंब्ली बदलायला लागणार, एक लाख चाळीस हजार. म्हटलं नुसत्या फिल्टरचे सांगताय का गाडीचे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीत बसवलेली सिरॅमिकची जाळी, धुरातली काजळी ती अडवून ठेवते आणि काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल मारून आतलं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते, यालाच रीजन म्हणतात. आपल्या भाषेत जाळ आन् धूर संगटच, फक्त धूर बाहेर दिसत नाही. पण त्यासाठी इंजिन नीट तापायला पाहिजे, गाडी जरा सलग पळायला पाहिजे, टाकी रिझर्व्हला आलेली नको. आता कोल्हापुरात गाडी पळवणार कुठं? राजारामपुरीतून निघालं की इंजिन गरम व्हायच्या आत शाहूपुरी येते. मधेच बंद केली की रीजन अर्धवट, आणि असं सारखं व्हायला लागलं की ते जादा मारलेलं डिझेल झिरपत जातं खाली ऑइलमध्ये. डिपस्टिक काढून बघा, लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर ऑइल लगेच बदला, पातळ ऑइलवर टर्बो गेला तर खर्च परत वेगळा.

मी गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्री फिल्टरकडं बघेचना. म्हणाला, "मालक, फिल्टर काय काजळी तयार करत न्हाई, ती जळंना का ते आधी बघूया." इंजेक्टर बघितले, टर्बोच्या पाइपात ऑइल आहे का बघितलं, फिल्टर किती तुंबलाय ते सांगणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या दोन्ही रबरी नळ्या काढून फुंकून बघितल्या, सगळं ठीक. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेजारी बसला आणि आम्ही उजळाईवाडीवरून हायवेला लागलो, सिक्स लेनच्या कामानं रस्त्याची काय अवस्था होती ते सांगायला नको, पण गोकुळ शिरगाव मागं पडलं तरी स्क्रीनवर कूलंटचं तापमान ६४, ६६, परत ६३. ऐंशीच्या वर पाहिजे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलेला! इंजिन कधी तापतच नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर रीजन सुरूच करत नव्हता, आणि शिक्षा फिल्टरला.

थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी सगळं धरून चार हजाराच्या आत. मग फोर्स्ड रीजन, म्हणजे गाडी उभी ठेवून लॅपटॉपवरून मुद्दाम सुरू केलेलं. त्याआधी गॅरेजच्या पोरानं गाडीखालची जागा झाडून घेतली, कागद, चिंध्या, वाळलेलं गवत काहीच ठेवलं नाही, कारण खाली भट्टीच पेटलेली असते. इंजिन आपोआप रेस झालं, करपल्यासारखा वास सुटला आणि प्रेशरचा आकडा हळूहळू उतरला. शेवटी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून दिला.

एक गोष्ट मात्र रीजननं जात नाही, ती म्हणजे राख. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड कितीबी जाळा, राख उरतेच, तसं इंजिन ऑइल जळून जी राख होते ती जाळीतच बसते, ती काढायची तर डीपीएफ खोलून मशीनवर साफ करायला लागतो. म्हणून लो-अॅश, म्हणजे कमी राख करणारं, ऑइलच घाला, मॅन्युअलमध्ये ग्रेड लिहिलेला असतो, दोन-चारशे रुपये वाचवायला दुसरं काहीतरी ओतू नका. आणि "डीपीएफच काढून टाकतो, डिलीट मारतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, ते कायद्यात बसत नाही आणि उद्या गाडी विकताना गिऱ्हाईक बरोब्बर तिथंच अडवणार.

दाजींना आता सेकंडहँड डिझेलच घ्यायचीय, अ‍ॅव्हरेज चांगलं देते म्हणून. दुकान महाद्वार रोडला, घर मंगळवार पेठेत, म्हणजे इंजिन तापायच्या आत पोचणार. पेट्रोल घ्या म्हणून सांगितलंय, ऐकतील असं वाटत नाही.