शंभरातले तीन पूल

पुलांच्या आयुष्याचं गणित मांडणं हे माझं काम, असं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग आमच्या गावचा पूल कधी पडेल?" ते मला सांगता येत नाही. शंभरातले साधारण किती पूल येत्या वर्षी एक पायरी खाली उतरतील, एवढं सांगता येतं. दुरुस्तीचे पैसे मागायला ते पुरतं.

१५ डिसेंबर १९६७ ला अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला, ४६ माणसं गेली. त्यानंतर तिथे ठरावीक काळाने पुलांची तपासणी सक्तीची झाली, आणि पुढे ० ते ९ (९ म्हणजे उत्तम) असे गुण द्यायची रीत पडली. मार्कोव्ह साखळीचं आमचं गणित असल्या गुणांवरच चालतं. आज ७ गुण असलेला पूल वर्षभराने ७ वरच राहण्याची शक्यता किती, ६ वर येण्याची किती, बस्स.

शंभरातले पाच दरवर्षी घसरत असतील, तर पूल ७ वर सरासरी २० वर्षं काढतो. आता समजा, त्या पाचांतले तीन खरे घसरलेच नव्हते. नव्याने आलेले साहेब गुण द्यायला जरा कडक होते. मग घसरले दोनच, आणि २० ची झाली ५० वर्षं! तीन पुलांच्या शेऱ्यांनी तीस वर्षं इकडची तिकडे. म्हणून माझा निम्मा वेळ सॉफ्टवेअरपेक्षा नोंदवह्यांतच जातो.

त्या वह्यांत चमत्कारही घडतात. ५ गुणांचा पूल पुढच्या पाहणीत ७ वर! दुरुस्ती झाली की कठड्याला नुसता रंग मारला? नोंद नाही. आमच्याकडची नवी मुलं अशा ओळी सरळ उडवतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण दुरुस्तीची तेवढी एकच खूण उरलेली असू शकते. त्या काळी तिथे असलेल्या शाखा अभियंत्याला फोन लावावा. "अहो मॅडम, तेव्हा बेअरिंगं बदलली होती ना!" हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

शिवाय घाटावरचा पूल आणि खाडीवरचा पूल एकाच सरासरीत कोंबू नयेत. पणजीचा मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा त्याला जेमतेम दीड दशक झालं होतं. खारं पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतं. निदान ते दिसतं तरी. प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे काँक्रीट आवळून धरायला आत ताणून बसवलेल्या, तारा आतल्या आत खाल्ल्या जातात, गुण मात्र ७ चे ७.

आणि महाडचा सावित्रीवरचा पूल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. पुराच्या पाण्याने पायाखालची माती नेली, की पूल पायरी-पायरीने उतरत बसत नाही. साखळीचं गणित इथे लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नदीचा तळ दरवर्षी मोजावा, पावसाळ्याआधी आणि नंतरही.

आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये मी भांडून एक रकाना घालून घेतला आहे: 'पाया प्रत्यक्ष पाहिला का?' त्यात बहुतेक वेळा उत्तर येतं, 'पाणी होते.'