तुम्ही विचारलंत म्हणून: आधी लिहिता की आधी चित्रं काढता?

ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, करताना आधी लिहिता की आधी चित्रं, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं नीट लिहूनच टाकते. लिहिते आधी, पण ते लिहिलेलं पक्कं धरत नाही. त्यावरून काडेपेटीएवढ्या चौकटींत, माणसांच्या जागी नुसत्या रेघोट्या मारून अख्खं पान मांडते, म्हणजे थंबनेल्स, आणि मग परत वाक्यांकडे येते. खरं लिखाण तेव्हा होतं.

सध्या मुंबईच्या गिरणी संपावरच्या पुस्तकाचं काम चाललंय, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या. त्यात चाळीतल्या एका घराचं पान आहे. स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की आई रोज रात्री बाबांचा डबा घासून फळीवर पालथा घालायची, संप सुरू झाला आणि डबा पालथाच राहिला, महिने गेले तरी तिने तो उचलला नाही. मला ही वाक्यं फार आवडायची. पण मांडायला बसले आणि लक्षात आलं, फळी आणि पालथा डबा एवढंच तीनदा काढलं, चौकट जराही न हलवता, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना बदलला आणि फळीवरची पितळेची भांडी एकेक करून कमी केली, तर शब्दच लागत नाहीत. भांडी विकली हे तर मी लिहिलंही नव्हतं, ते चित्रातून आलं. सगळी वाक्यं काढली.

उलटंही होतं. पुढच्या पानावर वाणी म्हणतो, "वहिनी, वहीत आता जागा नाही हो." त्याचा चेहरा मी कितीदा काढला, पण वाक्यातला तो 'हो' काही चेहऱ्यात येईना. शेवटी दुकान, बरण्या, तराजू सगळं पुसलं. कोरी चौकट, त्याचं वाक्य, आणि खाली आईच्या हातातली रिकामी पिशवी.

मराठीत अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. इंग्रजी कॉमिक्समध्ये लेटरिंग, म्हणजे चित्रातली अक्षरं, बहुतेक कॅपिटलमध्ये असतं, ओळी जवळजवळ बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा सोडावीच लागते, ज्यात संवाद लिहितात तो फुगा मोठा होतो आणि चित्र खातो. त्यामुळे मी थंबनेलमध्येच फुगे काढून खरं वाक्य लिहून बघते. मावलं नाही तर वाक्य कापते, अक्षर बारीक नाही करत. आणि फुग्याचा आकारसुद्धा बोलतो बरं का, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या २०११ च्या 'भीमायन' या ग्राफिक नॉव्हेलमध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचे फुगे दिलेत आणि विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. ती नांगी दिसली की शब्द वाचायच्या आधीच आपण दचकतो.

पान कुठे उलटणार हे मात्र मी सगळ्यात आधी ठरवते. विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं, त्याची शेवटची चौकट झाली की वाचणारा पान उलटतो. माझ्या ४३ व्या पानाच्या शेवटी बाबा दारात उभे आहेत, चपला हातात. काय झालं ते ४४ वर. मागे कुठेही एक पान वाढलं की ही दोन्ही पानं समोरासमोर येतात आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत वाचणाऱ्याला सगळं दिसतं. गेल्या आठवड्यात भाजीबाजाराचं एक पान घातलं तेव्हा नेमकं हेच झालं, दोन दिवस दुसरं कुठलं पान वगळता येतं का बघितलं, मग तेच काढून टाकलं. चांगलं पान होतं, रंगवूनही झालं होतं.